पाच जणांची एकत्र रजा

माझी उणीव तेव्हा तीन होती आणि हेमलताताईंची शून्य पूर्णांक चार.

आता हे असलं वाक्य कँटीनमध्ये कुणाला जड जात नाही. पूर्वी लोक तब्येत विचारायचे, आता ‘उणीव किती आली?’ विचारतात. लग्नाच्या बायोडेटात रक्तगटाच्या खाली ती छापायला लागलेत. मला या शब्दाचा इतका वीट आलाय की घरी आमटीत मीठ कमी पडलं तरी मी मुकाट खातो, बोलून दाखवत नाही.

यंत्राचं नाव ‘तुला’, म्हणजे तराजू. आमच्या कंपनीत चाळीस हजार माणसं. प्रत्येकाने पाच वर्षांत लिहिलेले मेल, केलेले फोन, बैठकीत बोललेली वाक्यं, कोणत्या कामाला किती वेळ लावला, हे सगळं तुलाला दिलेलं आहे. त्यावरून ते प्रत्येकाची एक छाया बनवतं. छाया म्हणजे चित्र नव्हे. अमुक अडचण आली तर हा माणूस काय करील, कुणाला विचारील, किती मिनिटांत उत्तर देईल, याचा अंदाज बांधणारं गणित. अशा चाळीस हजार छाया एकत्र सोडल्या की संगणकाच्या पोटात एक आख्खी कंपनी चालू लागते. ती खऱ्या कंपनीबरहुकूम चालते, हे दोन वर्षं ताडून पाहिलेलं. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले होते.

मग यंत्र त्यातली एक छाया उचलून बाजूला ठेवतं आणि त्या माणसावाचून आतल्या कंपनीचं वर्ष दहा हजार वेळा चालवून बघतं. जितकं बिघडेल तितकी त्याची उणीव, शंभरपैकी. मग त्याला परत जागेवर ठेवायचं आणि पुढच्याला उचलायचं. असं चाळीस हजार वेळा.

आधी साहेब लोक नंबर लावायचे. प्रत्येक गटात कुणीतरी वाईट निघालाच पाहिजे असा नियम होता. मग साहेबाच्या विनोदाला हसणारा वर आणि मान खाली घालून काम करणारा खाली. त्यामुळे तुला आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. यंत्राला खुशामत कळत नाही, एवढ्यावर आम्ही खूश.

आमच्या गटाचं नाव राखण. चार राज्यांतल्या सरकारी दवाखान्यांचे अकरा हजार फ्रीज आम्ही पाच जण पुण्यात बसून सांभाळतो. लशी, सर्पदंशाचं औषध, रक्ताच्या पिशव्या. कुठे तापमान चढलं की आम्हाला सूचना येते, आम्ही तिथल्या माणसाला उठवतो, तो सापडला नाही तर दुसऱ्याला. मी गटप्रमुख, पण काम शिकलो ते हेमलताताई बोऱ्हाडे यांच्याकडून. त्या छप्पन्न वर्षांच्या. त्यांनी गटाला एक वळण लावलंय, त्याला आम्ही खुर्चीबदल म्हणतो. दर गुरुवारी प्रत्येकाने उजवीकडच्याच्या खुर्चीत बसायचं आणि दिवसभर त्याचं काम करायचं. नवं काही कळलं की टेबलावरच्या लाल वहीत हाताने लिहायचं. वही कुलपात जात नाही.

“माणूस आजारी पडतो,” ताई म्हणायच्या, “फ्रीजला ते सांगून भागत नाही.”

त्यामुळे आमच्यापैकी कुणीही एक नसला तर काहीच बिघडत नाही. म्हणून सगळ्यांची उणीव तळाला. त्यातही ताईंची सर्वांत कमी, कारण त्यांनी सगळंच दुसऱ्यांना देऊन टाकलेलं.

फर्मान आलं की पुढच्या तिमाहीत ज्याची उणीव दहाच्या खाली, तो जाणार. मी गटाची बैठक घेतली.

“प्रत्येकाने एकेक गोष्ट स्वतःजवळ ठेवा,” मी म्हणालो. “वहीत लिहू नका. सगळीकडे हेच चाललंय.”

अश्फाक तांबोळी हा आमच्यातला सर्वांत बोलका. तो म्हणाला, “सर, शेजारच्या गटात तर दोन मित्र एकमेकांना पासवर्ड विचारताना शपथा घालतायत.”

“मग घाला तुम्हीही.”

ताईंनी चष्मा काढून पुसला. “मुकुंद, मी नाही हं लपवणार. या वयात मला नवीन सवयी लागत नाहीत.”

“ताई, अरुणरावांचा विचार करा.”

अरुणराव म्हणजे त्यांचे यजमान. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचे उपचार ताईंच्या नोकरीबरोबर येणाऱ्या विम्यावर चालतात. नोकरी गेली की विमा गेला, आणि झटका येऊन गेलेल्या माणसाला नवा विमा कोण देतो?

“त्यांचाच विचार करते,” ताई म्हणाल्या. “घरी जाऊन त्यांना काय सांगू, आज काय काय लपवलं ते?”

तिघांनी ताईंकडे पाहिलं आणि कुणीच काही लपवलं नाही. लपवलं ते मी.

नव्या जातीच्या तापमापकांत एक खोड आहे. वीज बराच वेळ जाऊन परत आली की जिल्ह्यातले सगळे एकदम खोटं बोलायला लागतात. त्यांना ठराविक क्रमाने शून्यावर आणावं लागतं, आधी जिल्ह्याचा मुख्य, मग तालुके. क्रम चुकला तर खरी सूचना खोट्या सूचनांच्या ढिगात बुडून जाते. ही युक्ती मी बंगळुरूला जाऊन शिकून आलो होतो. वहीत लिहायला घेतली, तारीख टाकली आणि पेनाला टोपण लावलं.

फाल्गुनातल्या एका शुक्रवारी नवे आकडे आले. माझी उणीव अडतीस. बाकी चौघे दहाच्या खाली, ताई शून्य पूर्णांक तीन. चौघांची नावं एक तारखेपासून जाणाऱ्यांच्या यादीत.

ताईंनी पडद्यावर आकडा वाचला आणि डबा उघडला. “मेथीचे ठेपले आहेत. घे.”

मी घेतला. तसाच कागदात गुंडाळून खणात ठेवला.

*

मी पुनावळ्यात राहतो. पस्तीस-पस्तीस मजल्यांचे टॉवर आणि त्यांच्या मधोमध गावाचं जुनं विठ्ठल मंदिर. तिथे दर फाल्गुनात सप्ताह बसतो. मला लहानपणापासून कीर्तनाचं वेड. महाराजांनी चाल लावली, मागे टाळकऱ्यांनी ती उचलली, मृदंगावर थाप पडली की माझा आठवडाभराचा शीण कुठल्या कुठे जातो. ऑफिसात मला कधीच न कळलेल्या गोष्टी तिथे समोरच्या सतरंजीवर बसून कळतात, असा माझा अनुभव आहे. पण त्या रविवारी कळली ती कीर्तनाच्याही आधी.

सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. कुणीतरी ती गळ्यात घालून देवासमोर उभं राहायचं. त्याला पहारा म्हणतात. माझा पहारा सकाळी दहा ते बारा. बारा वाजता किसनतात्या पांढारकर आले. तात्या ऐंशीचे, गेली साठ वर्षं पहारा करणारे.

“रामकृष्णहरी, मुकुंदा. तोंड असं का झालंय, उपास घडला का?”

“नाही तात्या. ऑफिसचं.”

“मग राहू दे. त्याला प्रसाद चालत नाही.”

आम्ही एकमेकांच्या पाया पडलो. ही रीतच आहे, देणारा आणि घेणारा दोघेही वाकतात, तिथे वय बघत नाहीत. वीणा माझ्या गळ्यातून त्यांच्या गळ्यात गेली.

मी सहज विचारलं, “तात्या, तुम्ही आज आला नसतात तर?”

“तर काय? दौलत आला असता. नाहीतर सरपंचांची सून आहे. ती नाही तर तूच उभा राहिला असतास अजून तासभर. फळ्यावर चौदा नावं आहेत.”

“म्हणजे तुमच्यावाचून काही अडत नाही.”

“माझ्यावाचून कशाला अडेल?” तात्या हसले. “पण चौदाही जण घरी बसले तर वीणा खुंटीला जाईल आणि सप्ताह मोडेल. कुणा एकावर चालतं का हे?”

मी खांबाला टेकून बसलो. डोक्यात यंत्र फिरायला लागलं. तुला चौदांपैकी एकेकाला उचलणार. तात्यांना काढलं, काही बिघडलं नाही, उणीव शून्य. दौलतला काढलं, शून्य. सुनेला काढलं, शून्य. चौदा जणांसमोर चौदा शून्यं मांडून ते सांगणार की या चौदांची गरज नाही. आणि आकड्यांत एकही चूक नसणार. चूक विचारण्यात आहे. एकेकट्याला काढून काय होतं एवढंच विचारलंय, सगळे एकत्र काढले तर काय होईल हे विचारलेलंच नाही. आणि यादी मात्र सगळ्यांना एकत्र काढते.

कीर्तन कोणत्या विषयावर झालं ते मला आजतागायत आठवत नाही. आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

*

सोमवारी सकाळी मी रेवती सबनीस यांच्यासमोर जाऊन बसलो. मनुष्यबळ विभागातल्या अधिकारी. वय पस्तीसच्या आसपास, स्वभावाने चांगल्या. पण त्यांच्या खोलीत शिरलं की चांगुलपणाचा काही उपयोग नसतो.

“पाचही जण एकदम वजा करून बघा,” मी म्हणालो.

“तसं करत नाही आपण, मुकुंद सर. एकेकच करायचं, हा नियम आहे.”

“का?”

“एकेक म्हणजे चाळीस हजार वेळा. दोघादोघांच्या जोड्या केल्या तर ऐंशी कोटी होतात. पाच-पाच जणांचे गट करायला घेतले तर सूर्य विझेल, यंत्र थांबणार नाही.”

“मला सगळे गट नकोत. हा एकच हवा.”

“एकाला दिलं की सगळे मागतील. आणि तुम्हाला काय चिंता? तुमची उणीव अडतीस आहे.” त्यांनी पडद्याकडे पाहिलं. “एका तिमाहीत तीनवरून अडतीस. कौतुक आहे.”

ते कौतुक ऐकून मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी उठलो.

जागेवर येऊन शुक्रवारच्या काल्याच्या कीर्तनासाठी रजेचा अर्ज उघडला. सप्ताहाचा शेवटचा दिवस, तो मी कधी चुकवत नाही. अर्जात एक रकाना असतो, ‘तुमच्यासोबत रजेवर जाणारे सहकारी’. रजा द्यायची की नाही हे आता साहेब ठरवत नाही. यंत्र छायांची कंपनी तेवढा एक दिवस चालवून बघतं आणि सांगतं. यंत्र तेच, तुला. फक्त दार वेगळं.

मी अश्फाकला हाक मारली. “शुक्रवारी रजा घेशील का?”

“कशाला?”

“कीर्तनाला.”

“सर, येईन की. जेवण असतं ना?”

“असतं. पाचही जण जाऊ. सगळ्यांनी होकार दाबा.”

ताईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं, पण दाबला. मी अर्ज पाठवला. एरवी अर्ध्या सेकंदात उत्तर येतं. या वेळी यंत्राने अकरा मिनिटं घेतली.

‘नामंजूर. अर्जदार पाच जण एकाच दिवशी अनुपस्थित राहिल्यास एकोणीसशे फ्रीजची सूचना दुर्लक्षित राहण्याची शक्यता. अपेक्षित नुकसान: अतिगंभीर. एकत्रित उणीव सत्त्याण्णव. कोणतेही चार अनुपस्थित राहिल्यासही निष्कर्ष हाच. एकत्र रजा कोणत्याही दिवशी घेऊ नये.’

अश्फाकने ते मोठ्याने वाचलं. मग म्हणाला, “म्हणजे शुक्रवारी आपण गेलो तर दवाखाने बुडतात, आणि एक तारखेपासून आम्ही चौघे कायमचे गेलो तर नाही बुडत. शुक्रवार वाईट दिसतोय.”

आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. “याची प्रत काढ,” म्हणाल्या.

दोन्ही कागद मी रेवतीबाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर चौघांची गरज नाही, दुसऱ्यावर पाचांना एक दिवससुद्धा सोडता येत नाही. दोन्हींवर खाली तुलाची एकच मुद्रा. त्यांनी दोनदा वाचलं.

“रजा हा वेगळा विभाग आहे,” त्या म्हणाल्या.

“मॅडम.”

“हो, मला कळलं.” त्यांनी डोळे चोळले. “मला दोन दिवस द्या. आणि हे कुणाला दाखवू नका.”

मी नाही दाखवलं. अश्फाकने कँटीनमध्ये दाखवलं.

*

बुधवारी उत्तर आलं. मी आधी सुटकेचा निःश्वास टाकला, मग पुढची ओळ वाचली.

राखण गट ठेवण्यात येत आहे, चौघांची कपात रद्द. तथापि प्रत्येक गटातून किमान एक नाव यादीत असणं आवश्यक. गटप्रमुखाने पाच जणांचा क्रम लावावा. शेवटचा जाईल. मुदत गुरुवार, सायंकाळी सहा.

एवढं अचाट यंत्र बनवलं, चाळीस हजार माणसांच्या छाया नाचवल्या आणि फिरून आलो कुठे, तर पाचांतला एक वाईट निघालाच पाहिजे. मी रेवतीबाईंना फोन लावला.

“पाचांनाही पहिला क्रमांक देतो.”

“फॉर्म घेणार नाही. मी भरून पाहिलाय.”

“कोण गेला पाहिजे असं तुम्हाला वाटतं?”

“मला विचारू नका.” मग हळूच म्हणाल्या, “माणसाने नाही लावला तर यंत्र लावेल. एकेकाच्या उणिवेवरून.”

म्हणजे ताई. शून्य पूर्णांक तीन.

घरी वृषालीला सांगितलं. माझी बायको शाळेत शिकवते. तिने पोळी लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही ते तापमापकाचं ताईंना शिकवलं का?”

“नाही.”

“मग आधी ते करा. बाकीचं मग बघू. माझ्या शाळेच्या विम्यात तुम्ही आहातच.” तिने पोळी तव्यावर टाकली. “आणि असं अपराध्यासारखं जेवू नका, मला घास जात नाही.”

*

गुरुवार, खुर्चीबदलाचा दिवस. मी ताईंच्या उजवीकडे बसतो, म्हणजे त्या दिवशी माझी खुर्ची त्यांची. त्या येऊन बसल्या, तेव्हा मी लाल वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. तारीख टाकून सोडलेलं पान.

“ही तारीख डिसेंबरातली आहे,” ताई म्हणाल्या.

“हो.”

“तीन महिने?”

“हो, ताई.”

बाकीच्या तिघांचे हात थांबले. मला वाटलं आता ताई रागावतील. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

“लिही. आणि मोठ्याने बोलत लिही, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल.”

मी लिहिलं. आधी जिल्ह्याचा मुख्य, मग तालुके. दुपारी ताईंनी सरावाच्या पडद्यावर एक जिल्हा अंधारात घातला आणि चौघांनी पाळीपाळीने तो शून्यावर आणला. अश्फाकने क्रम चुकवला, सूचनांचा ढीग झाला, ताईंनी त्याला तीनदा परत करायला लावलं. चारपर्यंत ते काम माझ्याइतकंच चौघांना येत होतं.

मग मी फॉर्म उघडला. पहिलं नाव हेमलता बोऱ्हाडे, मग बाकी तिघे, पाचवं मुकुंद शेळकंदे. ताई पाठीमागे उभ्या आहेत हे मला माहीत नव्हतं.

“कुणी सांगितलं तुला हे शहाणपण करायला?”

“ताई, तुमचा विमा—”

“माझ्या विम्याचं मी बघेन. तू त्या तीन महिन्यांची भरपाई करतोयस.”

“थोडी तीही आहे,” मी म्हणालो. “पण मी नसलो तर फ्रीजचं काही बिघडणार नाही. तपासून घ्या.”

“आणि जूनमध्ये चौघांतला एक मागतील, तेव्हा? सप्टेंबरात तिघांतला? रांगेने खुर्च्या उचलत बसायच्या का आपण?”

मी खरं तेच सांगितलं. “माहीत नाही. पण आज सहा वाजता यंत्र तुमचं नाव लावणार आहे, एवढं माहीत आहे.”

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग बाजूला झाल्या. मी बटण दाबलं. शेवटच्या नावाची उणीव यंत्र पुन्हा मोजतं, तसा दोन मिनिटांत माझा नवा आकडा आला. अडतीस गेले होते. शून्य पूर्णांक शून्य.

वीस वर्षांच्या नोकरीत मला इतका चांगला शेरा कुणी दिला नव्हता.

त्यानंतर मी शुक्रवारच्या रजेचा अर्ज पुन्हा टाकला, एकट्याचा. अर्ध्या सेकंदात मंजूर.

*

शुक्रवारी नऊ वाजता मी वीणा गळ्यात घालून उभा होतो. काल्याचं कीर्तन दहाला. मांडव भरत होता, दहीहंडी बांधणं चाललं होतं. खिशात फोन थरथरला. पहाऱ्यावर फोन घ्यायचा नसतो. पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा किसनतात्यांनी पुढे होऊन तो माझ्या खिशातून काढला, कानाला लावला आणि “रामकृष्णहरी” म्हणाले. मग बराच वेळ नुसतं “हां, हां” करत राहिले.

“कोण होतं, तात्या?”

“तांबोळी म्हणून कुणी. म्हणतो, आज सकाळी दोनशे बारा गटांनी एकत्र रजा टाकलीय.” तात्यांनी फोन खाली-वर करून पाहिला. “सगळ्या नामंजूर झाल्या. सगळे गट ते कागद घेऊन एका बाईंच्या दारात उभे आहेत, आणि बाई म्हणाल्यात की यादी घेऊन त्या स्वतः वर जाणार. तुला सांगा म्हणाला.”

“आणखी काही?”

“ताई म्हणाल्यात, तुझी खुर्ची कुणाला उचलू दिली नाही. नाहीतर गुरुवारी बदलाला एक कमी पडेल.” तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “रजा नामंजूर झाल्याचा एवढा आनंद झालेली माणसं मी नाही पाहिली, मुकुंदा.”

यादी मागे घेतील की नाही, कुणास ठाऊक. वरच्या लोकांचा मला भरवसा नाही आणि यंत्राचा तर त्याहून नाही, कारण ते विचारलं तेवढंच सांगतं.

मांडवाच्या दाराशी दौलत चपला काढत होता. त्याने पाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“द्या, काका. तुम्ही बसा आता कीर्तनाला.”

आम्ही दोघे एकदमच वाकलो, डोक्याला डोकं लागलं. वीणा माझ्या गळ्यातून त्याच्या गळ्यात गेली. मी सतरंजीवर पुढच्या रांगेत जागा धरली आणि टाळ हातात घेतले.